वेखंडाचे वेढे: किती, कुणाला, आणि मुळात द्यावेत का?

सहाणवाली (नौपाडा, ठाणे), शुक्रवार, सकाळी ११:१०

लेकीला सातवा सरत आलाय. पहिलटकरीण आहे, बाळंतपण माझ्याकडेच. म्हणून सध्या माझ्या अंगात आलंय म्हणा ना. माळ्यावरून सासूबाईंची सहाण काढली, चिंच लावून घासली, उन्हात ठेवली. परवा जांभळी नाक्यावर जाऊन काष्ठौषधींच्या दुकानातून बाळाला उगाळून पाजायच्या बाळगुटीचा पुडा आणला आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरून एकेक कुडका मांडला. वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, मुरडशेंग, हिरडा, बेहडा, सागरगोटा, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, डिकेमाली, खारीक, बदाम. दोन कुडके मात्र काही केल्या ओळखेनात.

लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर दोन मिनिटांत: "आई, डॉक्टरांनी आत्ताच बजावलंय, सहा महिने आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. हे आवर." राग आला, खोटं कशाला बोलू. याच सहाणेवर माझी दोन पोरं वाढली. पण रागाच्या खाली एक जुनी गोष्ट टोचत राहिली. सासूबाई बाकी सगळं सढळ हाताने उगाळायच्या, वेखंड आलं की हात आवरायच्या. एकच वेढा, म्हणजे सहाणेवर एकदाच गोल उगाळायचं, तोही अलगद. एकदा मी दोन वेढे दिले तर माझ्या हातावर चापट मारली होती. कारण विचारायची तेव्हा पद्धत नव्हती, त्यांनीही सांगितलं नाही.

तर प्रश्न असा: वेखंडालाच एवढा धाक का? आणि पोटात द्यायचं नसेल तर टाळूला पूड, धुरी, पोटावर लेप हे तरी चालतं का? जाणकारांनी सांगावं. भांडू नये.

चहाबाज, ११:३२

काकू, आपण सगळे गुटीवर वाढलो. काही झालं का? नाही. डॉक्टरांना काय, पाण्यालाही नाही म्हणतात. द्या बिनधास्त.

मधुमालती, ११:४०

रुमाल टाकून ठेवते. माझीही सून सहाव्यात आहे.

हर्बेरियम (ठाणे पश्चिम), दुपारी २:०५

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आधी झाडाची ओळख करून देतो. वेखंड म्हणजे अ‍ॅकोरस कॅलॅमस. आपण मूळ म्हणतो, पण खरं तर तो जमिनीलगत आडवा सरपटणारा खोडाचा भाग, आल्या-हळदीसारखा. त्यावर कड्या कड्या दिसतात त्या जुन्या पानांच्या खुणा. पाणथळ जागी वाढतं, पानं तलवारीसारखी, चुरगळली की तोच वास. पूर्वी याला अळूच्या कुळात घालत, आता स्वतंत्र कूळ मानतात. आपल्याकडे बाजारात येणारा बराच माल कर्नाटकातल्या तुमकुरू जिल्ह्यातून येतो, तिकडे कोरटगेरे भागात याची भातासारखी चिखलात लागवड करतात.

संस्कृतात नाव वचा, म्हणजे वाणीशी जोडलेलं. दुसरं नाव उग्रगंधा, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता धाकाचं कारण. त्या उग्र वासाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. गंमत अशी की ते सगळीकडच्या वेखंडात सारखं नसतं. उत्तर अमेरिकेतल्या जातीत ते जवळजवळ नाही, युरोपातल्या वेखंडात थोडं, आणि आपल्याकडे जे चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेलं) वेखंड वाढतं त्याच्या तेलात ते सगळ्यांत जास्त, कधी कधी तेलाचा मोठा हिस्सा तेच. प्रयोगशाळेत उंदरांना जम्मूकडच्या वेखंडाचं तेल दीर्घकाळ खायला घातलं तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या. त्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकेने वेखंड, त्याचं तेल आणि अर्क खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली, ती अजून आहे.

तेव्हा कुणी इंटरनेटवर "परदेशात वेखंडाचा चहा पितात" असं दाखवलं, तर ते झाड आपलं नव्हे एवढं लक्षात ठेवा. नाव एक, माल वेगळा.

नाडीपरीक्षा (खारघर), दुपारी ३:४८

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, थोडी भर घालतो. मी वैद्य आहे, वेखंड रोज वापरतो, त्यामुळे त्याला विष म्हणणार नाही. त्या उंदरांना नुसतं तेल दिलं होतं, तेही भरपूर आणि पुष्कळ दिवस. चिमूटभर चूर्ण आणि ते तेल यांची थेट तुलना करता येत नाही. पण म्हणून बिनधास्तही नव्हे.

आयुर्वेदिक औषधीसंहितेत वेखंड चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिली आहे. मोठ्या माणसाची. त्याच चूर्णाची १ ते २ ग्रॅम मात्रा उलटी करवण्यासाठी सांगितली आहे. वमन देताना आम्ही मदनफळ, वेखंड, सैंधव, मध हीच जोडी वापरतो. म्हणजे औषध आणि ओकारी यांच्यातलं अंतर किती कमी आहे बघा. साधी दोन बोटांची चिमूट घेतलीत तरी मोठ्या माणसाची मात्रा सहज ओलांडते. मग साडेतीन किलोच्या बाळाचं काय?

शिवाय आम्ही वेखंड कच्चं वापरत नाही. गोमूत्र, गोरखमुंडीचा काढा, पंचपल्लवाचा काढा यांत शिजवून शुद्ध करायची रीत आहे. पुड्यातलं वेखंड शुद्ध केलेलं नसतं. सहाणवालीताई, तुमच्या सासूबाईंना मिलिग्रॅम माहीत नसतील, पण चापट अगदी योग्य जागी बसली होती.

चहाबाज, ३:५५

वैद्यबुवा, तुम्हीही तिकडच्याच बाजूला? घोर कलियुग.

मोगरा०७ (खारघर), रात्री १०:२०

हा धागा सकाळपासून उघडून बंद करतेय. लिहावं की नाही कळत नव्हतं. लिहिते.

मुलगी तीन महिन्यांची होती. सर्दी झालेली, छाती घुरघुरत होती. सासूबाईंनी गुटी रोजचीच दिली, फक्त "कफ सुटेल" म्हणून वेखंड जरा जास्त उगाळलं. बोंडल्याने पाजलं. अर्ध्या तासाने उलटी झाली, पांढरट, चिकट. सासूबाई खूश. "बघ, कफ पडला." मीही खूश झाले, हे कबूल करते. दुसरी उलटी झाली तेव्हाही आम्ही म्हटलं, पडू दे. तिसरीला नुसतं हिरवट पाणी. मग ती दूधच ओढेना. मी लंगोट बघितला तर सकाळपासून कोरडा. हात उचलला की तो तसाच खाली पडत होता.

रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या रुग्णालयात. सलाईन लागलं, दोन दिवस राहिलो. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं, "वरचं काय दिलंत?" मी आणि नवरा गप्प. आम्हाला वाटलं, ओरडा बसेल. शेवटी सासूबाईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी दिलं. वेखंड." त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. मुलगी आता चौथीत आहे, उत्तम आहे. सासूबाईंना मी कधी बोलले नाही आणि बोलणारही नाही.

पण "कफ पडला" हे शब्द ऐकले की अजून पोटात गोळा येतो.

नाडीपरीक्षा, रात्री १०:४१

मोगराताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. पन्नास पुस्तकांत जे स्पष्ट होत नाही ते तुमच्या एका वाक्यात आहे. वेखंडाने उलटी होते हा त्याचा गुणच. घरात त्या उलटीला गुण आला असं म्हणतात, आणि मात्रा जास्त झाल्याची पहिली खूण डोळ्यांदेखत निसटते. छातीतला कफ उलटीतून येत नाही. उलटीत दिसतो तो पोटातला चिकटा आणि गिळलेला शेंबूड. बाळाला खरोखर बरं वाटलं असेल तर ते दूध ओढेल आणि शू करेल, हीच कसोटी.

मोठ्यांनाही हेच होतं. स्वीडनमध्ये काही तरुणांनी नशा येते असं वाचून वेखंड खाल्लं. नशा राहिली बाजूला, तासन्‌तास ओकत बसले.

चहाबाज, रात्री ११:०२

माझा सकाळचा प्रतिसाद मागे घेतो. मोगराताई, सॉरी.

रात्रपाळी (वाशी), शनिवार, सकाळी ७:१५

बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त. सहाणवालीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी लिहिते.

टाळूला पूड. आंघोळीनंतर टाळूवर वेखंडाची पूड चोळतात, सर्दी होऊ नये म्हणून. टाळूतून सर्दी आत शिरत नाही. ती मऊ जागा दीड वर्षाच्या आसपास आपोआप भरते, तेल ओतून किंवा पूड दाबून लवकर भरत नाही. पण पूड उडते, आणि बाळाचं नाक तिथून चार बोटांवर. तान्ह्याच्या श्वासात बारीक पूड जाणं ही साधी गोष्ट नाही, मग ती वेखंडाची असो की डब्यातल्या पावडरीची. डोकं मऊ पंच्याने कोरडं पुसा, गार असेल तर टोपडं घाला. बास.

धुरी आणि शेगडी. ओवा, वावडिंग, वेखंड, लसणीची सालं निखाऱ्यावर टाकून बाळाला त्यावरून फिरवायचं. आमच्या आज्यांची बाळंतिणीची खोली कौलारू होती, फटीफटीतून वारा यायचा. आता ठाण्यातला फ्लॅट, सरकत्या काचा, बाहेर रस्त्याची धूळ म्हणून त्या कायम बंद, वर "बाळंतिणीला वारा नको". अशा खोलीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. आई आणि बाळ दोघंही झोपेतच गुंगतात. वेखंड असो नसो, बंद खोलीत शेगडी नको म्हणजे नको. शेकायचंच असेल तर आईची कंबर गरम पाण्याच्या पिशवीने शेका.

पोटावर लेप. हिंग-वेखंड कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावतात. पोटात देण्यापेक्षा हे कमी धोक्याचं, पण तान्ह्याची कातडी फार पातळ असते, लाल चट्टे उठलेली पोरं मी पाहिली आहेत. ते हात मग तोंडात जातात हे वेगळंच. आणि नाळ पडलेली नसेल तर त्या भागाला काहीही लावू नका. पोटात वात धरला तर बाळाला उभं धरून ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा.

दोन गोष्टी कुणी विचारल्या नाहीत, तरी सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला गुटी मधात द्यायची नाही. मधातून बोट्युलिझमचा धोका असतो, त्यात बाळ लुळं पडतं. आणि जायफळ. "जायफळाने बाळ छान झोपतं" असं अभिमानाने सांगतात. ती झोप नाही हो, गुंगी आहे.

मधुमालती, ७:५०

वाचनखूण साठवली. सुनेला पाठवते. आधी स्वतः दोनदा वाचते.

मोजपट्टी (घणसोली), सकाळी ९:३०

इंजिनियर माणूस, "एक वेढा" हे परिमाण वाचून राहवेना. आमच्याकडे सहाण आहे (गणपतीच्या गंधाची), वेखंड कपाटात होतं. सकाळी प्रयोग केला.

दोन वाट्या, दोन्हींत एकेक चमचा पाणी. पहिल्यात कोरड्या कुडक्याचे पाच वेढे. पाणी फिकट, पातळ चहासारखं. तोच कुडका तासभर पाण्यात बुडवून ठेवला आणि दुसऱ्या वाटीत पाच वेढे दिले. घट्ट, पिठल्यासारखा गाळ आला. मग आईला बोलावलं. ती एकाहत्तर वर्षांची. ती सहाणेवर दाबून, पूर्ण गोल वेढा काढते. तिचे पाच माझ्या पंधरांना भारी. पुढे बायकोने उगाळलं, ती बोटांच्या टोकांनी नुसतं फिरवते, तिच्या पाचात रंगच येईना.

म्हणजे कुडका किती भिजलाय, कुठल्या बाजूने उगाळताय, सहाण नवी की गुळगुळीत झालेली, हात कुणाचा, यावर सगळं अवलंबून. वेढा मोजून मात्रा मोजता येत नाही. सासूबाईंचा "एक वेढा" त्यांच्या हाताचा होता, तो त्यांच्याबरोबर गेला.

आई म्हणाली, "मग इतकी वर्षं काय आम्ही अंदाजाने?" मी गप्प बसलो. नाश्ता मिळायचा होता.

पायरीवरची (कळवा), ९:५८

बच आणि बचनाग एकच का? पुड्यावर हिंदीत "बच" लिहिलेलं असतं.

चहाबाज, १०:०५

एक नाही, पण ओळखायचं सोपं आहे. जिभेवर टेकवायचं. बधिर झाली की बचनाग.

हर्बेरियम, १०:११

चहाबाज, कृपा करून हे संपादित करा. कुणी हे करू नये.

बच म्हणजे वेखंड. बचनाग म्हणजे वत्सनाभ, अ‍ॅकोनाइटच्या कुळातला, अतिशय जहाल. ओठ-जीभ मुंग्या येऊन बधिर होतात, उलट्या होतात, मग हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्यावर उतारा म्हणावा असं खास औषध नाही. कुणी चुकून खाल्लं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, १०८ ला फोन करून उरलेला कुडका बरोबर घेऊन निघायचं. औषधी द्रव्यांच्या कायद्यात विषारी द्रव्यांची जी यादी आहे तिच्यात वत्सनाभ, धोतरा, गुंज, कळलावी, बिब्बा ही सगळी मंडळी आहेत.

खरी भानगड नावाच्या सारखेपणापेक्षा अतिविषाची. गुटीतलं अतिविष याच अ‍ॅकोनाइटांचा भाऊबंद, पण जहाल नसलेला. ते हिमालयातून येतं, महाग असतं आणि जिथे माल महाग तिथे भेसळ आलीच. अतिविष आतून पांढरं, चवीला कडू, असं पुस्तकं सांगतात. पण सुकलेला, वाळवलेला, पुड्यात घासला गेलेला कुडका नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याची हमी मी चाळीस वर्षांनंतरही देत नाही. सहाणवालीताई, तुमचे ते दोन अनोळखी कुडके मला फोटोवरून विचारू नका. टाकून द्या.

चहाबाज, १०:१४

संपादन जमत नाहीये, वेळ उलटली. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांनी: जिभेवर टेकवू नका. मी हे आमच्या गावाकडच्या एका आजोबांकडून ऐकलं होतं. ते वारले. (म्हातारपणाने.)

कित्तूरवाली (नेरूळ), दुपारी १:२०

माहेर बेळगावकडचं. आमच्याकडे याला बजे म्हणतात. बाळाच्या मनगटात बजेचे मणी ओवून बांधतात, दृष्टीसाठी. नेरूळला आमच्या शेजारी तमिळ कुटुंब आहे. त्यांच्याकडेही वसंबूच्या बांगड्या घालतात आणि देताना दिव्याच्या ज्योतीवर काळं होईपर्यंत जाळून मग उगाळतात. त्यांच्या पाटीने (म्हणजे आजीने) मला सांगितलं की रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्याला "पेर सोल्लाददु" म्हणतात, म्हणजे नाव न घ्यायचं ते. मला तर अंगावर काटा आला ऐकून. ज्याचं नावही घ्यायला धजत नाहीत ते किती जपून वापरत असतील.

बाकी ते मणी बाळ चोखतंच. माझ्या भाच्याने दोरा तोडून एक तोंडात घातला होता, वहिनीने बोट घालून काढला. तेव्हापासून बांगडी पाळण्याच्या दांडीला.

शब्दवेडी (ठाणे पूर्व), दुपारी ४:०२

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. नावातच वचा असल्याने हे झाड माझ्या पेशाच्या आड फार येतं. "जिभेला वेखंड-मध लावतोय, बोलेल" असं म्हणत लोक मूल तीन वर्षांचं होईपर्यंत थांबतात. मग आमच्याकडे येतात आणि कळतं की मुलाला ऐकूच नीट येत नव्हतं. जीभ जड नसते हो, बहुतेक वेळा प्रश्न कानाचा किंवा विकासाचा असतो.

वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल तर आधी कान तपासा. नवजात बाळाची श्रवण-चाचणी काही मिनिटांत, झोपेतच होते. ठाणे-नवी मुंबईतून वांद्र्याची अली यावर जंग संस्थाही काही लांब नाही. सहाणवालीकाकू, गुटीच्या पुड्यापेक्षा ही चाचणी बाळंतपणाच्या यादीत पहिली लिहा.

मोगरा०७, ४:३०

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

पित्तप्रकृती, ४:४४

अवांतर: मला मिरगीचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. एका नातेवाइकाने वेखंड-मध सुचवलंय. घेऊ का?

नाडीपरीक्षा, संध्याकाळी ६:०५

अपस्मारात वेखंड ग्रंथांत सांगितलं आहे, हे खरं. म्हणूनच गोळ्यांच्या बरोबरीने स्वतःच्या मनाने घेऊ नका. दोन्ही मेंदूवर काम करतात, गुंगी वाढू शकते. आणि गोळ्या एक दिवसही बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांसमोर पुडी ठेवा आणि विचारा. गरोदर बाईनेही वेखंड पोटात घेऊ नये.

बाल्कनीतला शेतकरी (ऐरोली), रविवार, सकाळी ८:२२

एवढ्या गंभीर चर्चेत मी हिरवा माणूस आलो. माझ्याकडे वेखंड जिवंत आहे! प्लास्टिकच्या जुन्या टबात, तळाला चिखल, वर चार बोटं पाणी. पाच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शेतकऱ्याने बोटाएवढा तुकडा दिला होता. आता टब भरलाय. बी धरत नाही, नुसते फुटवे. पानाची एक कड बघा, बारीक चुणी पडल्यासारखी नागमोडी असते, तीच खूण. पान दोन बोटांत चुरगळलं की बाल्कनीभर वास. पाण्यात गप्पी मासे सोडलेत, नाहीतर डासांवरून सोसायटीची नोटीस आली असती. एकदा आलीच होती.

मी खात नाही, कुणाला खायला देत नाही. पण घरात याचा उपयोग सोन्यासारखा. सुकवलेला कुडका फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात, पोरकिडा फिरकत नाही. पुस्तकांच्या कपाटात दोन कुडके, वाळवी नाही पण कसर कमी. बायकोच्या पैठणीच्या घडीत मलमलीच्या पुरचुंडीत एक. डांबरगोळ्यांच्या वासाने तिचं डोकं दुखायचं, ते थांबलं. दिवाळीच्या उटण्यात चमचाभर पूड असते आमच्याकडे, मोठ्यांच्या अंगाला. डोळ्यांत गेली तर चरचरते, हे स्वानुभवाने.

हर्बेरियम, ८:४०

किडा फिरकत नाही याचं कारणही तेच बीटा-असारोन. तांदळातल्या किड्यांची वीण त्याने थांबते. तांदूळ मात्र स्वयंपाकाआधी नीट धुवा, आणि पूड कधीच तांदळात मिसळू नका, कुडका फडक्यातच.

चहाबाज, ८:५२

मिरगीवर, तांदळावर, पैठणीवर आणि बाळावर एकच औषध. आमच्या आज्यांनी कमाल केली होती.

रात्रपाळी, ९:१०

आज्यांच्या काळात बाळं दगावतही फार. जी जगली तीच आज "आम्हाला काही झालं नाही" म्हणायला आहेत. शिवाय तेव्हा काय काय द्यायचे बघा. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका बाळ दिवसभर निजावं म्हणून अफूची "बाळागोळी" देत. त्या बायका दुष्ट होत्या का? नाही. पाळणाघर नव्हतं, कामाची पाळी चुकली तर पगार कापला जायचा. आपल्याला ती अडचण नाही, एवढंच.

सहाणवाली, सोमवार, दुपारी १२:१५

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत इतकं वाचलं की चष्म्याचा नंबर वाढला असेल.

काल पुडा घेऊन पुन्हा त्या दुकानात गेले. ते दोन कुडके दाखवले. मुलगा म्हणाला, "काकी, पुड्या मागून भरूनच येतात, आम्ही फक्त विकतो." वाईट बोलला नाही, खरं तेच बोलला. पण मी तिथेच उभी राहून विचार केला की जे विकणाऱ्याला माहीत नाही ते मी नातवाच्या तोंडात कशी घालणार होते? दोन्ही कुडके आणि अतिविष बांधून कचऱ्यात टाकले. सुंठ, हळद, खारीक, बदाम स्वयंपाकघरात गेले, लेकीच्या डिंकाच्या लाडवांना. जायफळ श्रीखंडाला. ज्येष्ठमध मी ठेवणार होते खोकल्याला, पण माझं ब्लडप्रेशर आहे आणि रात्रपाळीताईंनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं की ज्येष्ठमधाने ते वाढतं, पोटॅशियम कमी होतं. म्हणजे त्यालाही नारळ. वेखंड तांदळाच्या डब्यात, फडक्यात बांधून.

मोगरा, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्या पुढे झाल्या ना, मला तेच सारखं आठवत राहिलं. मी त्यांच्या जागी असते तर झाले असते का, सांगता येत नाही.

रात्री लेकीला फोन केला. म्हटलं, गुटी नाही देणार. ती दोन सेकंद काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "आई, पण सहाण माळ्यावर टाकू नकोस हं. बारशाला चंदन उगाळू." तर सहाण आता देवघरात आहे. श्रवण-चाचणीचं डॉक्टरांना विचारून ठेवायला तिला सांगितलंय, तिने लिहून घेतलं.

शेतकरीदादा, त्या जिवंत वेखंडाचा एखादा फुटवा मिळेल का? खायला नाही. नुसतं बघायला. इतकी वर्षं उगाळलं, कधी हिरवं पाहिलं नाही.

बाल्कनीतला शेतकरी, १२:४०

मिळेल काकू. येत्या रविवारी ठाण्यात येतोच आहे, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर भेटू. वेळ व्यनि करतो. पिशवी जाड आणा, मुळाला चिखल आहे.

चहाबाज, १२:४३

मलाही एक. बघायलाच.